‘तुम्ही नेमके काय करता?’ : गुजरीतील एका खरेदीचा अनुभव

मुलीच्या लग्नासाठी आईच्या जुन्या पाटल्या मोडून ४० ग्रॅमच्या बांगड्या करायचे ठरले, तेव्हा मी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, तीन दिवस हिंडले. सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच होता. त्यामुळे प्रत्येक दुकानात मी एक प्रश्न मुद्दाम विचारला, की या व्यवसायात तुम्ही स्वतः नेमके काय करता? आपण घडणावळ म्हणून जे पैसे देतो, ते कोणाच्या कोणत्या कामाचे, हे मला त्यातून समजून घ्यायचे होते.

पहिल्या पेढीच्या मालकांनी पूर्वजांच्या तसबिरींकडे हात करून सांगितले, “ताई, आम्ही चार पिढ्यांचे सराफ. आम्ही दागिने विकत नाही, विश्वास देतो.” चहा आला. नंतर पाटल्या काट्यावर गेल्या, वजन ३६.४०० ग्रॅम भरले आणि कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, न पाहताच ‘घट’ म्हणून त्यातून सरसकट १० टक्के वजा झाले. म्हणजे माझ्या मोडीचे ३२.७६ ग्रॅम धरले गेले. कस लावून पाहा, असे मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला.

दुसऱ्या, वातानुकूलित दालनातील मुलीने आपण विक्रेती नसून ‘ज्वेलरी कन्सल्टंट’ असल्याचे सांगितले. ती नम्र होती, पण तिच्या बोलण्यात नवरीचा चेहरा, साडीचा रंग आणि घडणावळीवरची २५ टक्के सूट एवढेच होते. मूळ घडणावळ २० टक्के होती, हे खोदून विचारल्यावर कळले. सूट धरूनही ती १५ टक्के राहते. म्हणजे ४० ग्रॅमच्या बांगड्यांवर ६ ग्रॅम सोन्याची किंमत घडणावळीतच जाते.

बाहेरच्या बोळात एक सोनार पाट मांडून बसले होते. सर्वांत कमी बोलणारे तेच. “मी घडवणारा. सोनं गिऱ्हाइकाचं नाहीतर सराफाचं, माझी नुसती मजुरी,” असे म्हणून त्यांनी पाटली फिरवून सांधा दाखवला. तेथे डाख, म्हणजे जोडासाठीचा हलका धातू, लावलेला असल्याने कस थोडा खाली येईल, पण १० टक्के कापायचे कारण नाही, असे त्यांचे मत पडले. नवा दागिना मात्र हॉलमार्कचाच घ्या, असेही त्यांनी स्वतःच सुचवले.

चौथ्या पेढीचे मालक म्हणाले, “आम्ही व्यापारी. घडवतात बंगाली कारागीर, शुद्धता तपासतं हॉलमार्किंग केंद्र. आम्ही भांडवल घालतो, निवड करतो आणि बिलाची जबाबदारी घेतो.” इतके रोकडे उत्तर देणाऱ्याची जाहिरात कशी होत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. त्यांनी मला जवळच्या गलाईवाल्याकडे, म्हणजे सोने आटवून देणाऱ्याकडे, नेले. सांगली जिल्ह्यातील विटा-आटपाडी भागातील माणसे या धंद्यात देशभर पसरलेली आहेत आणि हे गृहस्थही तिकडचेच निघाले. पाटल्या माझ्यासमोर आटवल्या गेल्या. आटवून झालेली लगड ३६.१०० ग्रॅम भरली आणि यंत्रावर कस ८७.४ टक्के आला, म्हणजे शुद्ध सोने ३१.५५ ग्रॅम. बावीस कॅरेटच्या, अर्थात ९१६ च्या (९१.६ टक्के शुद्ध सोन्याच्या) हिशेबाने ते ३४.४४ ग्रॅम होते. पहिल्या पेढीच्या हिशेबापेक्षा १.६८ ग्रॅम जास्त. आईच्या पाटल्या वितळताना पाहणे सोपे नव्हते, परंतु त्या न पाहता दिल्या असत्या, तर हे सोने मुकाट्याने गेले असते.

या चौथ्या पेढीत घडणावळ ११ टक्के होती, सूट काहीच नव्हती. बिलावर वजन, सोन्याचा दर, घडणावळ, हॉलमार्किंगचे शुल्क आणि ३ टक्के जीएसटी अशा स्वतंत्र ओळी होत्या. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावा लागतो. मी भिंगातून प्रत्येक बांगडीवरचा तो क्रमांक वाचून भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, तपासणी केंद्र आणि सराफाची नोंदणी समोर आली. चार बांगड्यांचे चार क्रमांक तपासायला वेळ लागला आणि तोवर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले होते.