एकोणिसावा दिवा आणि उजवी वळणं

काल रात्री पावणेबाराला ड्रॉच्या बोर्डावरचे ३१ च्या ३१ दिवे एकदाचे लागले. टाळ्या वाजवायला कोणी जागं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मागचे अपडेट वाचलेल्यांना पार्श्वभूमी ठाऊक आहेच: सोसायटीच्या गणपतीतली कॅरम स्पर्धा, १६ खेळाडू, १५ सामने, प्लायवर बायनरी ट्री (उलटं झाड: खाली खेळाडू ही पानं, दोघांच्या डोक्यावर त्यांचा सामना म्हणजे बाप, सगळ्यात वर फायनल म्हणजे मूळ), प्रत्येक नोडला, म्हणजे खेळाडूला आणि सामन्याला, एक डब्ल्यूएस२८१२बी (हवा तो रंग दाखवणारा, साखळीत जोडायचा एलईडी). सामना संपला की जिंकणाऱ्याचा रंग एक पायरी वर चढतो.

वायरिंग पोस्टऑर्डरमध्ये (आधी दोन्ही मुलं, मग बाप) झालं, पण ते ठरवून नव्हे. दोन पानं आणि त्यांचा बाप असा त्रिकोण एका बैठकीत डाखायला सोपा. दोन त्रिकोण जमले की डोक्यावर एक दिवा, झाला सातचा तुकडा. सात-सात-एक पंधरा, पंधरा-पंधरा-एक एकतीस. डेटाची वायरही त्याच वाटेने गेली. अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलरमधला कोड मात्र हीप क्रमांकावर (मूळ १, मग वरून खाली ओळीओळीने डावीकडून) चालतो, कारण तिथे बाप शोधायला नुसतं दोनने भागायचं. या दोघांमधला दुभाषी म्हणून हाताने लिहिलेला ३१ आकड्यांचा तक्ता होता, आणि त्यात मी गोंधळ घालून ठेवला होता. तो तक्ता फेकला आणि सूत्र लिहायला बसलो. इथून पुढचे चार दिवस वाया.

नोडची उंची उ (पानाची ०) आणि त्या ओळीत डावीकडून क्रम क (पहिला ०). हीप क्रमांक बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहून त्यातला सगळ्यात डावीकडचा १ काढला की उरतो तो क, आणि तो १ कितव्या जागी होता त्यावरून उ. इथपर्यंत सोपं. मग मी लिहिलं: वायर क्रमांक = (क + १) × २^(उ + १) − १. डावी कड तपासली: १, ३, ७, १५, ३१. पाचही दिवे बिनचूक! खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानाला हाक मारली तर लागला ३ नंबर, म्हणजे त्याचा बाप. मला वाटलं डाखताना दिव्याच्या डेटा आउट-इनची उलटापालट झालीय. त्या बिचाऱ्या तीन नंबरच्या दिव्याला मी दोनदा काढून परत बसवलं, एक पॅड (डाख बसायची तांब्याची जागा) उखडलं, बोट भाजलं. मग शेवटच्या, सोळाव्या पानाला हाक मारली तर थेट ३१. एकही सामना न खेळता विजेतेपद! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की चूक डाखात नाही, माझ्यात आहे.

झालं होतं असं. मुळापासून खाली येताना उजवीकडे वळलो की डावं उपझाड आख्खं मागे पडतं. त्यात १, ३, ७ किंवा १५ दिवे असतात, २, ४, ८, १६ नव्हे. मी मात्र दर वळणाला पूर्ण दोनाचा घात मोजत होतो, म्हणजे प्रत्येक उजव्या वळणाला एक दिवा जास्त. आणि उजवी वळणं किती, तर क च्या बायनरीत जितके १ तितकी. डाव्या कडेला क शून्य असतो, म्हणून तिथे चूक दिसलीच नाही. फक्त डावी कड तपासून झोपणाऱ्याला हीच शिक्षा.

तेव्हा सुधारलेलं सूत्र: (क + १) × २^(उ + १) − १ − (क मधले १). सोळाव्या पानाचा क १५, त्यात चार १, म्हणून ३१ मधून ४ गेले, २७. प्लायवर बोट ठेवून मोजलं, २७च. आकड्यावर इतकं प्रेम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. अकरावा सामना, म्हणजे तिसरी क्वार्टर फायनल: उ २, क २, उत्तर २२. तोही बरोबर. एव्हीआरमध्ये, म्हणजे नॅनोच्या चिपमध्ये, १ मोजायची वेगळी सूचना नाही, पण क पंधराच्या वर जातच नाही, चार फेऱ्यांचा लूप पुरतो.

आणि मग, अर्थातच, १८ च्या पुढे सगळा अंधार.

या वेळी मी आधी सूत्रावर संशय घेतला, एक संध्याकाळ त्यात घालवली. सूत्र निर्दोष. १९ वा दिवाच डेटा घेत नव्हता. पण पाठीमागच्या वायरींच्या जंगलात १९ वा कुठला? उलटा प्रवास करायचा तर १९ मध्ये मावणारं सगळ्यात मोठं भरलेलं झाड (१, ३, ७, १५ दिव्यांचं) वजा करायचं: १९ − १५ = ४. परत: ४ − ३ = १. उरलेला आकडा १, ३, ७ असा भरलेला आला की थांबायचं, इथे १ म्हणजे पान. वजा केलेल्या १५ आणि ३ च्या झाडांतली पानं ८ + २ = १०, म्हणून अकरावा खेळाडू. त्याच्या इन पॅडवर मल्टिमीटरचा प्रोब दाबला की बीप, सोडला की गप्प. ड्राय सोल्डर! तपकीर गल्लीतल्या (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एका दुकानात दिव्यांची साधी पट्टी मागितली होती, घरी येऊन उघडली तर सिलिकॉनवाली. खरवडूनही पॅडवर त्याचा पापुद्रा राहतो आणि डाख वरवर बसतो. दिवे तोडून वापरायचे असतील तर उघडीच पट्टी घ्या, दुकानातच पाकीट फोडून बघा.

ही वजाबाकीची युक्ती माझी नाही, मर्कल माउंटन रेंजवाले (नोंदी जपायला अशीच वाढती झाडं वापरणारे प्रोग्रॅमर) हेच करतात. नवीन पानं जोडली तरी जुन्यांचे क्रमांक हलू नयेत म्हणून त्यांनी पोस्टऑर्डर घेतलीय. हे लिहितानाच लक्षात येतंय की पुढच्या वर्षी ३२ खेळाडू झाले तर माझे ३१ क्रमांक जसेच्या तसे राहतील. दुसरं झाड ३२ ते ६२, नवा मूळ ६३. उलट हीपमध्ये आजचा १ उद्या २ होणार, सगळ्यांचीच उचलबांगडी. म्हणजे कोडमधून हीपच हद्दपार करायला हवा. इनऑर्डर (आधी डावं मूल, मग बाप, मग उजवं) ठेवतो: (२क + १) × २^उ. त्याच्या बायनरीतली शेवटची शून्यं मोजली की उ मिळतो, झाड वाढलं तरी आकडा तोच, शिवाय बोर्डावर डावीकडून कितवा रकाना तेही तोच सांगतो, मुळाचा १६ बरोबर मध्ये. दिव्यांच्या स्टिकरवरही हाच क्रमांक छापणार होतो; आता छापतोच.

वीजेचं गणित: दिव्याला पूर्ण पांढऱ्यात साधारण ६० मिलीअँपिअर, ३१ ला १.८६ अँपिअर, सध्याचा २ अँपिअरचा अडॅप्टर काठावर पास. ६३ ला ३.७८, तेव्हा ५ अँपिअरचा घ्यावा लागेल. या वर्षी नाही.

आज सकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी काका भेटले. कौतुकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान, छान. पण तिसऱ्या क्रमांकाचा सामना कुठे दाखवणार तुम्ही?"

सेमीफायनल हरलेल्या दोघांचा बाप झाडात नसतोच हो. आधी वाटलं, साखळीच्या शेवटी ३२ वा दिवा चिकटवू. पण ३२ तर पुढच्या वर्षीच्या सतराव्या खेळाडूसाठी राखून ठेवलाय! साखळीच्या सुरुवातीला घातला तर सगळ्या आकड्यांना अधिक एक, ते मला सोसणार नाही. वेगळ्या पिनवर एकटा दिवा. शनिवारी तपकीर गल्ली, उघडी पट्टी.