मार्केट मेकर बघायचाच असेल तर एसएमईच्या स्क्रीनवर बघा

एखादा स्टॉक जरा उड्या मारायला लागला की टेलिग्राम ग्रुपवर लगेच सुरू होतं, मार्केट मेकरने एसएल खाल्ला, मार्केट मेकर खाली आणून माल गोळा करतोय, वगैरे वगैरे (मार्केट मेकर म्हणजे एखाद्या शेअरला खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव देत उभा राहणारा, आणि एसएल म्हणजे तोटा थांबवायला लावलेली तुमची स्टॉप लॉस ऑर्डर). ही सगळी भाषा अमेरिकन यूट्यूबवरून आलीये. तिकडे नॅसडॅकच्या लेव्हल टू (ऑर्डरींची सविस्तर यादी) स्क्रीनवर कोटच्या, म्हणजे लावलेल्या भावाच्या, बाजूला मार्केट मेकरचा चार अक्षरी कोड दिसतो, त्यामुळे कोण उभा आहे ते निदान नाव घेऊन सांगता तरी येतं. आपल्या ऑर्डर बुकवर नावच नाही. पाच बिड (घेणाऱ्यांचे भाव), पाच ऑफर (विकणाऱ्यांचे भाव), क्वांटिटी, ऑर्डर्स किती, संपला विषय. काही ब्रोकर २० लेव्हल दाखवतात पण त्यातही माणूस दिसत नाही, आकडेच दिसतात.

आणि मुळात मेन बोर्डच्या, म्हणजे नेहमीच्या मुख्य बाजारातल्या, शेअरला आपल्याकडे नेमलेला मार्केट मेकर नसतोच. पूर्वी दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये जॉबर असायचे, ते खरेदी-विक्रीचा दोन्ही बाजूंचा भाव ओरडायचे आणि मधल्या फरकावर कमवायचे. १९९४ ला एनएसईची स्क्रीन आली, मग बीएसईची, आणि रिंग बंद पडली. आता प्रॉप डेस्क (स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या फर्म) आणि अल्गोवाले (कॉम्प्युटर प्रोग्रॅमने ट्रेड करणारे) दोन्हीकडे कोट टाकतात खरे, पण त्यांना कुणी बांधलेलं नाही, न्यूज आली की झटक्यात मागे सरकतात, म्हणून तर नेमका रिझल्टच्या वेळी स्प्रेड, म्हणजे बिड आणि ऑफरमधला फरक, फाटतो. त्यात कुणी तुमचा एसएल बघत बसलेला नसतो (तुमच्या १०० शेअर्ससाठी तर नाहीच).

हां, डेप्थमध्ये (त्या बिड-ऑफरच्या यादीत) खोट्या ऑर्डरी असतात हे मात्र खरंय. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने एका ब्रोकिंग फर्मविरुद्ध स्पूफिंगचा अंतरिम आदेश काढला, ३.२२ कोटी अडकवून ठेवले. पद्धत साधीच असते, भावापासून जरा लांब मोठी बाय ऑर्डर लावायची, लोकांना वाटतं खाली तगडा सपोर्ट आहे, ते वर घेतात, आपण त्यांना विकायचं आणि लांबची ऑर्डर कॅन्सल. म्हणून तो खाली टोटल बाय आणि टोटल सेलचा आकडा असतो ना, त्याच्यावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही. उलट खरा मोठा माणूस डिस्क्लोज्ड क्वांटिटी वापरून एनएसईवर ऑर्डरच्या १०% च दाखवू शकतो, म्हणजे दिसतं ते खोटं असू शकतं आणि खरं ते दिसत नाही.

मग मार्केट मेकर वाचायचा कुठे? एसएमईमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या वेगळ्या बाजारात. बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज, दोन्ही २०१२ चे प्लॅटफॉर्म, आणि तिथे लिस्टिंगपासून ३ वर्षं मार्केट मेकर सक्तीचा. ईटीएफलाही असतात पण तो वेगळा विषय. एसएमईत गंमत अशी की तो कोण आहे ते प्रॉस्पेक्टसमध्ये (आयपीओच्या, म्हणजे इश्यूच्या माहितीपत्रकात) नावासकट छापलेलं असतं आणि त्याचे नियमही तिथेच असतात, फक्त ती पानं कुणी उघडत नाही, सगळे जीएमपी (लिस्टिंगआधीचा अनधिकृत बाजारातला जादा भाव) बघण्यात बिझी.

त्या पानांवर काय असतं बघा. दिवसातला ७५% वेळ त्याने दोन्ही बाजूंचा कोट द्यायचा. आपलं मार्केट ३७५ मिनिटं चालतं, म्हणजे दीड तास तो कायदेशीररीत्या गायब राहू शकतो. त्याच्या दोन भावांमधला फरक १०% पर्यंत चालतो, आणि कोट किमान १ लाखाचा, म्हणजे बऱ्याचदा एकच लॉट (शेअर्सचा ठरलेला गठ्ठा). एवढं माहीत असलं की स्क्रीन वेगळी दिसायला लागते. समजा १४२ ला एक लॉट बिड आणि १५० ला एक लॉट ऑफर आहे, कुणीतरी १५० चा उचलला, आणि काही सेकंदांत बिड १४४ आणि ऑफर १५२ झाली, दोन्ही एकदम, तेवढ्याच क्वांटिटीने, तर तो बहुतेक ड्यूटीवरचा माणूस. त्याला स्टॉक आवडलाय असं अजिबात नाही. खरा खरेदीदार एका बाजूनेच येतो, एकाच भावाला परत परत लॉट भरतो आणि ऑफर साइडला त्याचं काहीच काम नसतं. ग्रुपवर लोक या ड्यूटीच्या बिडला सपोर्ट म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

कारण आता इन्व्हेंटरीचा, म्हणजे त्याच्याकडे साठलेल्या मालाचा, नियम बघा, मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इश्यू २० कोटींपर्यंतचा असेल तर मार्केट मेकरकडचा माल इश्यूच्या २५% झाला की त्याला बाय कोट न देण्याची सूट मिळते, आणि २४% वर आला की परत द्यायला लागतो. मोठ्या इश्यूला ही लिमिट अजून कमी, ८० कोटींच्या वर १२%. हिशोब करू, ९० रुपयाने १८ कोटींचा इश्यू, म्हणजे २० लाख शेअर्स. त्यातले ५%, १ लाख, त्याला आधीच मिळालेले. लिमिट ५ लाख. म्हणजे तो अजून ४ लाख घेऊ शकतो, १६०० चा लॉट धरला तर फक्त २५० लॉट. २५० लॉट लोकांनी त्याच्या अंगावर टाकले की बिड काढून घ्यायला तो मोकळा, आणि परत यायला त्याला आधी २० हजार शेअर्स विकायला लागणार, म्हणजे पडत्या मार्केटमध्ये तोच अजून एक सेलर. मग लोअर सर्किटला (दिवसात भाव पडण्याची ठरलेली मर्यादा) बायर शून्य दिसतात आणि सगळे म्हणतात ऑपरेटर, म्हणजे भाव खेळवणारा, पळाला. अरे, हे लिस्टिंगच्या आधीच छापून दिलं होतं की.

म्हणून मी शेअरहोल्डिंग पॅटर्न (कुणाकडे किती शेअर्स त्याची यादी) आला की आधी पब्लिकच्या १% वरच्या यादीत मार्केट मेकरचं नाव शोधतो. लिमिटच्या जवळ असेल तर ती बिड माझ्यासाठी नाहीच, असं धरून पोझिशन ठरवतो. मार्केट ऑर्डर तर एसएमईत टाकूच नये, १०% चा स्प्रेड आपणच भरून देतो. आणि सिरीज बघा, एनएसईवर एसटी असेल तर ट्रेड टू ट्रेड, आज घेतलेला आज विकता येत नाही, त्यामुळे इंट्राडेचे सगळे टेप रीडिंगचे (स्क्रीनवरचे सौदे वाचण्याचे) धडे तिथे बाद.

ऑगस्ट २०२४ चा रिसोर्सफुल ऑटोमोबाइलचा इश्यू आठवतोय का? दिल्लीतली दुचाकी विकणारी कंपनी, दोन शोरूम, १२ कोटी हवे होते, ४०० पटीच्या आसपास बोली आल्या, आणि लिस्टिंग झालं ११७ ला, म्हणजे इश्यूच्याच भावाला. ४०० पट डिमांडवाले गेले कुठे? ते लिस्टिंग गेनवाले (लिस्टिंगलाच विकून नफा काढणारे) होते, पहिल्या दिवशी ते सेलर असतात. अशा वेळी समोर ठरलेला घेणारा म्हणजे तो एकटा मार्केट मेकर, त्याच छोट्या लिमिटसकट.

जुना एसएमई स्टॉक चाळत असाल तर लिस्टिंगच्या तारखेत ३ वर्षं मिळवून बघा, सक्तीचा काळ संपत आला असेल तर आज १ लाखाची जी बिड दिसतेय ती पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.