सहा ओळी आणि एक जुना कमिट मेसेज

माझा पॅच, म्हणजे एका टूलच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, आज मर्ज झाला, मूळ कोडमध्ये घेतला गेला. सी भाषेतल्या सहा ओळी, टेस्टच्या एकवीस, आणि त्यापायी गेलेल्या अकरा संध्याकाळी. झोप येत नाहीये, तेव्हा सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

फाइलींची नावं तक्त्यात दाखवणारं एक छोटं कमांड-लाइन टूल मी रोज वापरते. नाव लांबलं की ते शेवट कापून दाखवतं. माझ्या देवनागरी नावांच्या शेवटी मात्र कधीकधी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह उगवायचं. कधीकधी, हीच खरी गोम. एका नावाला यायचं, तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्याला नाही.

पहिले दोन दिवस त्या 'कधीकधी'चा माग काढण्यात गेले. टूल नावासाठी ६४ बाइटचा बफर, म्हणजे मेमरीतली ठरावीक जागा, ठेवतं. त्यातला शेवटचा बाइट समाप्तीच्या शून्याचा, म्हणजे नावाला उरले ६३. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेतं. आणि ६३ ला तीनने भाग जातो! त्यामुळे निव्वळ देवनागरी नाव बरोबर २१ चिन्हांवर कापलं जातं, काहीच बिघडत नाही. पण नावात एक स्पेस आली की तिचा एकच बाइट. उरलेल्या ६२ मध्ये २० चिन्हं बसतात आणि एकविसाव्याचे दोनच बाइट आत येतात. तो अर्धा तुकडा म्हणजे ते प्रश्नचिन्ह. तीन स्पेस टाकून पाहिल्या, तर पुन्हा सगळं सुरळीत. कागदावर हा हिशेब जुळला तो क्षण मला या सगळ्यात सर्वात प्रिय आहे.

मग वाटलं, बाइट मोजण्याऐवजी चिन्हं मोजली की झालं. बदल केला, टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास. पॅच पाठवणारच होते. त्याआधी सवयीने त्या ओळीवर गिट ब्लेम चालवलं; कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते त्यातून कळतं. ओळ २०१२ ची निघाली. सोबतच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदल (कमिट) नोंदवताना लिहिलेल्या टिपेत, तीनच वाक्यं होती: इथे मुद्दाम बाइट मोजले आहेत. अक्षरं मोजली तर बफर ओलांडला जातो. लांब नावांवर प्रोग्राम कोसळत होता, म्हणून हा बदल.

वाचून हात थांबले. ६३ चिन्हं गुणिले तीन, म्हणजे १८९ बाइट, आणि जागा ६४ ची. सी मध्ये तुम्हाला अडवायला कुणी नसतं. शेजारची मेमरी मुकाट लिहिली जाते. माझ्याच टेस्टमधलं २५ चिन्हांचं नाव शेवटच्या शून्यासकट बफरबाहेर बारा बाइट सांडत होतं आणि तरी टेस्ट हिरवी होती. दिसण्यातला एक दोष काढता काढता मी सुरक्षेला भोक पाडणार होते. ते मेसेज लिहिणाऱ्या व्यक्तीचं २०१४ नंतर प्रोजेक्टमध्ये एकही कमिट नाही. आभार मानायचे तरी कुणाकडे?

शेवटी बाइटच मोजले. फक्त कापायच्या जागी थोडं मागे बघायचं: तिथल्या बाइटचे पहिले दोन बिट १० असतील, तर तो आधीच्या चिन्हाचाच पुढचा भाग. मग चिन्हाची सुरुवात सापडेपर्यंत एकेक बाइट मागे यायचं. त्या सहा ओळी याच.

रिव्ह्यूच्या चार फेऱ्या झाल्या. पॅचमध्ये मी जाता जाता दोन व्हेरिएबलची नावं सुधारली होती आणि जुनं इंडेंटेशन नीट केलं होतं. प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरने ते सगळं बाहेर काढायला लावलं. पहिल्यांदा खट्टू झाले, पण त्याचं बरोबर होतं. उद्या काही मोडलं आणि कुणी गिट बायसेक्ट लावलं, म्हणजे कमिटची यादी दर वेळी अर्धी करत शोध घेतला, तर हजारभर कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत गुन्हेगार कमिट सापडतो. त्या कमिटमध्ये तीन कामं कालवलेली असतील, तर सापडूनही पुढे शोध उरतोच.

त्याने आणखी एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. त्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याने विचारलं, आता बाइट बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याला हे बरोबर दिसतं का? नाही दिसत. 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी. चार चिन्हं, बारा बाइट. हलन्तानंतर कापलं की 'क्' लोंबकळत राहतो. अशी जोडाक्षरं तुटू नयेत म्हणून युनिकोडने २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत वेगळा नियम घातला. हे सगळं मी त्याला लिहून कळवलं आणि त्यासाठी दुसरा पॅच करायचा असं ठरलं.

कमिट मेसेजला कोडपेक्षा जास्त वेळ लागला. पाचदा लिहिला. ६३ आणि तीनचा हिशेब त्यात घातला, २०१२ च्या त्या कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, घातला, आणि बाइट मोजणं का सोडलेलं नाही तेही. खाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ टाकली. हे काम माझं आहे आणि ते या लायसन्सखाली द्यायचा मला अधिकार आहे, असं त्या ओळीने मी सांगत असते. ती टाइप करताना मी नेहमीच सावकाश होते.

दुसऱ्या पॅचसाठी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, मघाशीच काढली. त्यात अजून फक्त एक टेस्ट आहे, 'क्षि'ची, आणि ती लाल आहे.