सोल्डरिंग न करता वायरिंग!

आज अशोक चौकात दोस्ताकडं म्युझिक मॅन कंपनीची 'गेम चेंजर' नावाची इलेक्ट्रिक गिटार हाताळली, यूएसबी केबल लावली की लॅपटॉपवर पिकअपच्या (तारांची थरथर पकडून सिग्नल बनवणारा भाग) कॉइल दिसतात, कुठली सिरीजला (एकामागोमाग एक), कुठली पॅरललला (शेजारी शेजारी), कुठली उलट्या फेजला (म्हणजे सिग्नल उलटा) जोडायची ते तिथंच ठरवायचं आणि गिटारमध्ये सेव्ह करायचं. आवाज डिजिटल होत नाही बरं का, सिग्नल ॲनालॉगच राहतो, बदलतं ते फक्त स्विचिंग. शेजारी यंत्रमागाची खडखड होतीच, त्यात एकच कॉइल ठेवली की ॲम्पमधनं ५० हर्ट्झचा घूंऽऽऽ सुरू, सोबत जोडीची दुसरी पण घेतली की एकदम गप! सिरीजला आवाज जाड येतो, पॅरललला जरा बारीक पण खणखणीत, मला तोच लई आवडला. दोस्ताला मात्र आउट ऑफ फेजचं (उलट्या फेजचं) ते नाकातलं गाणं पसंत, असो 😄 मधेच काकूंनी कडक भाकरी न शेंगाचटणी दिली, तेलकट बोटांनी माऊस धरला म्हणून शिव्या पण खाल्ल्या.