चौथी खुंटी

सप्तमी. रात्रीचे पावणेबारा.

देवळातून येऊन तास होऊन गेला. साडी बदलली, विरजण लावलं, उद्याची गवार निवडून ठेवली, तरी अंथरुणाकडे पाय वळेना. हे केव्हाच झोपले. वरच्या खोलीतला दिवा चालू आहे, म्हणजे तिथं राहणारी मेडिकलची मुलगीही अजून जागी आहे.

झालं एवढंच. भैरवी संपली, आरतीची गडबड सुरू झाली, आणि गाणाऱ्या बाईंनी मागं वळून तंबोऱ्यावर बसलेल्या तिच्या पाठीवर हात ठेवला. "कुणाचा गं हा तंबोरा? काय गोड बोलतोय." मी दुसऱ्या रांगेत खांबापाशीच होते, सगळं ऐकू येत होतं. ती हसली आणि म्हणाली, "इथलाच आहे, मिरजेचा." बाई म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला." आणि उठल्या.

इथलाच आहे. त्यात खोटं काहीच नाही. मिरजेत तंबोऱ्याला तोटा नाही, सतारमेकर गल्लीतून देशभर जातात. बाईंच्या दृष्टीनं उत्तर पुरेसं होतं. पण मला ते लागलं. चप्पल शोधताना लागलं, रिक्षात बसल्यावर लागलं, आणि आता हे लिहितानाही तिथंच दुखतंय. "आमच्या काकूंचा आहे" म्हणायला किती वेळ लागला असता? मी चार हातांवर बसलेली होते. नुसतं माझ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं.

दोन वर्षांपूर्वी ती मेडिकलला लागली आणि वरची खोली बघायला आली, तेव्हा खोलीआधी तिची नजर कोपऱ्यातल्या गवसणीवर गेली होती. "काकू, तो तानपुरा आहे का?" गवसणीवर धूळ होती. तारा गंजून तपकिरी झालेल्या. मीच तिला घेऊन गल्लीत गेले. ज्यांच्याकडे बाबा जायचे ते आता नाहीत, मुलगा बसतो. त्यानं भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली, तबलीला कान लावला, म्हणाला, "लाकूड छान आहे, तून आहे. भोपळाही शाबूत आहे, फक्त कुणी बोलतं केलं नाही इतकी वर्षं." मी त्यावर काही बोलले नाही. चार दिवसांनी गेलो तर तो जवारी काढत बसला होता. घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. मधे तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि एका जागी तो दोरा आला की कोरडी टण्ण वाजणारी तार एकदम उघडते, गुंजायला लागते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच सापडते. फरीदसाहेबांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, ह्या घरांतून हेच काम चालू आहे. शिकलगारी करणारी माणसं, हत्यारांना धार लावणारे हात, आणि त्यांनी तारेला आवाज दिला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ते कात्रण कापून देवघराच्या दारावर लावलं होतं. ह्यांनी विचारलं, "हे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

ह्या आठवड्यात गाव कसं झालंय म्हणून सांगू. घट बसल्यापासून रोज संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात गाणं. तिकीट नाही, पास नाही, खुर्चीवर नाव नाही. भाजी घेऊन घरी निघालेली बाई पिशवी मांडीवर घेऊन अर्धा ख्याल ऐकते आणि उठते. मेडिकलची मुलं ड्यूटी संपवून तशीच येतात, अॅप्रन घडी करून काखेत. पलीकडे वसतिगृहाच्या मैदानावर दांडिया असतो आणि त्याचा दणका विलंबितात शिरतो. परवा सतार चालली असताना तसं झालं, तेव्हा वाजवणाऱ्यांनी थांबून दोन क्षण ऐकलं आणि पुन्हा सुरुवात केली. मुलांचा मला राग येत नाही. त्यातलीच दहाबारा जणं घामेजलेली, कपाळावर टिकल्या चिकटवलेली, साडेनऊला मागच्या बाजूला येऊन बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. ह्या गावात शिकायला येणाऱ्याच्या कानावर हे पडतंच. 1905 साली बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले ते इथंच. हिराबाई बडोदेकर त्याच वर्षी इथंच जन्मल्या. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली पाँडिचेरीच्या वाटेवर गेले, पण त्यांना आणलं ते इथं, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. अजून उरुसाला गवई येऊन त्यांच्यापाशी हजेरी लावतात. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांत असं असतं.

तर अशा देवळात आज माझा तंबोरा वाजला. पुन्हा तेच लिहिलं, माझा.

सगळ्यांत जास्त काय खुपतंय ते लिहून टाकते. तो माझ्या घरात कधी इतका चांगला वाजला नव्हता. ती रोज संध्याकाळी वर घेऊन बसते तेव्हा मी खाली कुकर लावते, तेव्हाही नाही. आज षड्ज लागला आणि माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी मला रडू येईलसं वाटलं. ते गाण्यामुळं नव्हतं. मी तिथं मागं बसले असते तर, असं मनात येऊन गेलं. बसलेही आहे मी तिथं. दोनदा. त्यानंतर नोकरी, मग सासूबाईंचं अंथरूण, मग ते वर्ष. जाऊ दे.

मी तिथं असायला हवं होतं, असं नाही. माझा आवाज कधीच तेवढा नव्हता, गुरुजींनी तोंडावर सांगितलं होतं आणि ते खरं होतं. पण तंबोरा लावता यायचा. चारही तारा अशा मिळायच्या की पाचवा स्वर आपोआप ऐकू यायचा, कुणी न छेडता. गुरुजी म्हणायचे, गंधार दिसला की हात थांबव. मला दिसायचा. एवढी एक गोष्ट माझी होती. आणि ती मुलगी म्हणाली, इथलाच आहे.

काय म्हणायला हवं होतं तिनं? "काकूंचा."

आणि इथं माझं पेन थांबलं आहे, गेली दहा मिनिटं.

काकूंचा कुठं आहे तो? बाबांनी तो 1974 साली घेतला तो आक्कासाठी. आक्काचा स्वर काळी चार, तंबोरा त्या स्वराचा. मी तेव्हा नऊ वर्षांची, मला हातही लावू द्यायचे नाहीत. आक्का गायची तेव्हा गल्लीतली माणसं खिडकीखाली थांबायची, हे मी स्वतः बघितलंय. मग हुबळीचं स्थळ आलं. मांडवातून सामान निघालं तेव्हा बाबा म्हणाले, "तंबोरा इथंच राहू दे, धाकटीला लागेल." आक्का काही बोलली नाही. तिनं गवसणीची नाडी बांधली आणि जाऊन गाडीत बसली.

आणि पुढं मी देवळात पहिल्यांदा मागं बसले तेव्हा कुणीतरी असंच विचारलं होतं, तंबोरा कुणाचा. आक्का बाळंतपणाला आलेली होती, समोर बायकांत बसली होती. मी म्हणाले, "आमचा."

आमचा. इतक्या वर्षांत मला हे एकदाही आठवलं नाही. आज आठवलं. तिला तेव्हा काय वाटलं असेल, ती रिक्षातून घरी येताना काय विचार करत असेल, तिनं कुणाला सांगितलं असेल का, की तीही अशीच भाजी निवडत बसली.

वरचा दिवा विझला.

अष्टमी. दुपार.

सकाळी ती तंबोरा घेऊन खाली आली. दांडीला एका हातानं धरून, भोपळा पोटाशी, लहान मूल आणावं तसा. कोपऱ्यात ठेवला, गवसणी घातली. "काकू, चौथी खुंटी सरकत होती काल. मध्यंतरात खडू लावून बसवली." मी तिला चहा दिला. कालचं काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुम्ही समोर होता म्हणून मला भीती नाही वाटली." आणि वॉर्डला पळाली. एवढ्यासाठी मी रात्रभर तळमळले. पण तळमळले ते बरंच झालं, नाहीतर आक्कापर्यंत पोचले नसते.

जेवणं झाल्यावर हुबळीला फोन लावला. आक्का आधी पावसाचं बोलली, मग गुडघ्याचं, मग सुनेच्या बदलीचं. मी म्हटलं, "आक्का, काल देवळात तुझा तंबोरा वाजला."

ती गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला.

"माझा?"

"तुझाच. बाबांनी तुझ्यासाठी घेतलेला."

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. मांडवाचं, नाडीचं, त्या "आमचा"चं. रात्री मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण आक्का म्हणाली, "चौथी खुंटी अजून सरकते का गं? बाबा खडू लावायचे." मी म्हटलं, "सरकते. खडूच लावतो." ती म्हणाली, "फोन तिथं ठेव. छेड जरा."

मी खाली बसले. गवसणी काढली. फोन भोपळ्यापाशी पाटावर ठेवला आणि छेडायला लागले. पंचम, दोन्ही जोड, खर्ज. दुपारची वेळ, घरात कुणी नाही. किती वेळ झाला कळलं नाही. मला वाटलं तिला झोप लागली असेल, आताशा लागते तिला बोलता बोलता.

"खर्ज उतरलाय," आक्का म्हणाली. "चढव. अजून. थोडा अजून. हां."