नावं बदलली की झालं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'संशोधनात माणसांची खरी नावं बदलता ना, मग अडचण कसली?' हा प्रश्न मला हमखास येतो.

माझं संशोधनाचं काम खानदेशातल्या शाळांत. घरी अहिराणी बोलणारी मुलं शाळेत मराठीशी कशी झटापट करतात, ते मी मागे बसून ऐकते, रेकॉर्ड करते. एकदा एक पोरगं उठून म्हणालं, 'मना बाप वावरमा गया शे.' सर कडाडले, 'मना नाही, माझा! बाप नाही, वडील!' वर्ग खिदळला, पोरगं खाली बसलं. आणि मधल्या सुट्टीत हेच सर व्हरांड्यात फोनवर स्वतःच्या आईशी अस्सल अहिराणीत बोलत होते. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळी सर मला मोटरसायकलवरून एसटीच्या थांब्यावर सोडायला आले. गाडी बंद न करताच म्हणाले, 'मॅडम, सकाळचं तेवढं काढून टाका बरं का.' त्यांची सही असलेलं संमतीपत्र माझ्या पिशवीत होतं. 'केव्हाही माघार घेता येईल' असं त्यात मीच छापलं होतं. पण सर माघार कुठे घेत होते? ते 'तेवढं' म्हणाले होते.

नाव बदलून काय साधणार होतं? दोनशिक्षकी शाळा, दुसऱ्या बाई. नुसतं 'सर' लिहिलं तरी केंद्रप्रमुखांना कळणार. त्यातून भाषेच्या अभ्यासात माणूस ओळखू येतो तो बोलण्याच्या लकबीवरून, आणि लकब पुसली तर आम्ही अभ्यासायचं काय?

ऑस्ट्रेलियातल्या गिलमिन आणि गिलम या दोघी संशोधकांनी २००४ साली संशोधनातल्या नैतिकतेचे दोन भाग सांगितले: समितीकडून मंजूर करून घेतो ती एक, आणि काम करताना अवचित पुढ्यात येते ती दुसरी. पहिलीचे अर्ज मी नीट भरले होते. दुसरी मोटरसायकलवर आली.

प्रबंधातून मी तो प्रसंग गाळला. प्रकरण लंगडं झालं, मार्गदर्शक कुरकुरले. फोनचं तर मी टिपणवहीतही खोडलं. ते वर्गातलं नव्हतंच, त्यांनी सही केलेल्या संमतीत बसत नव्हतं.

पुढे सर निवृत्त झाल्यावर हा मजकूर त्यांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'आईचं राहू द्या.' म्हणून ते इथे आहे. पोराचं वाक्य मात्र मी बदललंय. त्याच्या वडिलांची सही माझ्याकडे आहे. त्याला विचारायचं राहिलं.