सैल ताणा

आपल्या सोलापूरच्या शाळेत आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया बिड्या वळायच्या. रात्री तेंदूची पानं भिजवायची, सकाळी कात्रीनं कापायची, दिवसभर वळायचं आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढे पैसे गेले. वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते, घर सगळं आईवर आलं, मग मी पण सूप मांडीवर घेऊन बसायला लागले आणि अभ्यास राहायला लागला.

आपल्या गणिताच्या बाईंनी ते ओळखलं, पण ओरडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी डबा घेऊन बसायच्या, कडक भाकरी नि शेंगाचटणी, आणि खाता खाता दोन गणितं करून घ्यायच्या. 12 जानेवारीला शाळेत चार हुतात्म्यांची माहिती सांगायचे, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, 1931 ला येरवड्यात फाशी दिली त्यांना, तेव्हा बाई हमखास विचारायच्या की पोरींनो, त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं असेल गं? तेव्हा आम्ही नुसत्या गप्प बसायचो.

2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनात आमचे हे गेले. दोन पोरं, सासूबाई, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याचं शेड, त्यात टॉवेलचे लूम, म्हणजे माग, आणि बँकेचे हप्ते, आणि मला लूममधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. सगळे म्हणायचे रडू नको, पोरांकडं बघ, तू खंबीर आहेस. या खंबीर शब्दाचा मला अजून राग येतो, कारण एकदा तसं म्हटलं की माणसं निर्धास्त होऊन आपापल्या घरी जातात.

शेडमधल्या जुन्या कारागिरानं मला काम शिकवलं, विणकर पद्मशाली समाजाचे आहेत, मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी सांगितलं की टॉवेलला दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, लागतात, एकाचा ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट आणि दुसऱ्याचा सैल, त्या सैल ताण्याचेच लूप, म्हणजे दोऱ्याचे फासे, उभे राहतात आणि लूप असले तरच टॉवेल पाणी पितो, सगळंच ताणून धरलं तर नुसतं कापड होतंय बघ. ते ऐकलं आणि तिथंच लूमपाशी मला इतकं रडू आलं की काय सांगू, इतके दिवस दात घट्ट आवळूनच फिरत होते मी. मामा एक शब्द बोलले नाहीत, चहा आणून ठेवला आणि शेजारच्या लूमची तुटलेला धागा सांधत बसले. बाई पण अशाच बसायच्या.

नंतर वर्गातल्या मैत्रिणी आल्या. एकीनं जीएसटीचं बघितलं, एकीनं धाकट्याचा अभ्यास घेतला, एक तर नुसती येऊन भाजी निवडत बसायची, आणि खरं सांगते, मला तिचाच आधार जास्त वाटायचा.

आता शेड चालतंय, हप्ते पण चालू आहेत. यांची आठवण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसात फार येते, तेव्हा रडते, लपवत नाही, पोरं पण रडतात. आपल्या शाळेची कुणी मुलगी अशी एकटी पडली असेल आणि तिला काम शिकायचं असेल तर सकाळी दहानंतर शेडवर पाठवा, मामा अजून शिकवतात, आता मी पण शिकवते.